‘पडला’ म्हणतात, पण मार कुठे लागला आहे? : मुलांच्या अंगावरील मारहाणीच्या खुणा कशा ओळखाव्यात

खेड्यातल्या धावत्या-खेळत्या मुलाचे अंग कधीच कोरे नसते, आणि हे आधी मान्य केल्याशिवाय या विषयाला हात घालू नये. गुडघे फुटलेले, नडग्यांवर जुन्या-नव्या खपल्या, कोपर खरचटलेले, कपाळावर एखादे टेंगूळ, हनुवटीखाली टाक्याची खूण, हे सारे आपल्याकडच्या कोणत्याही जिल्हा परिषद शाळेतल्या पटावरच्या निम्म्या मुलांच्या अंगावर सापडेल. आईसोबत कापूस वेचायला गेलेल्या मुलीच्या बोटांवर बोंडांच्या वाळक्या टोकांचे ओरखडे असतात, गुरांमागे फिरणाऱ्या मुलाच्या पायांत बोरीबाभळीचे काटे मोडलेले असतात, आणि दुचाकीवरून घाईने उतरलेल्या मुलाच्या पोटरीच्या आतल्या बाजूला सायलेन्सरचा लांबट चटका असतो. या खुणांना एक रीत आहे. मूल पडते ते बहुधा पुढे पडते, आणि जिथे कातडीखाली लगेच हाड लागते तिथे त्याला मार बसतो. ही रीत ज्याच्या डोळ्यांत बसली, त्याला तिच्याबाहेरची खूण आपोआप खटकू लागते.

हे लिखाण अंगणवाडी सेविका, मदतनीस, आशा, शिक्षक आणि पोलीस पाटील यांच्यासाठी आहे. मुलाच्या आजीला किंवा मामाला ते उपयोगी पडले तर अधिकच चांगले, कारण मुलाला आंघोळ घालताना जे दिसते ते शाळेत दिसत नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करत असताना सहा-सात वर्षांच्या एका मुलाला त्याचे वडील घेऊन आले होते. कान सुजलेला होता. “झाडावरून पडला,” असे त्यांनी सांगितले आणि मी ते ऐकून घेतले. कानाच्या पाळीवर बारीक लाल ठिपके होते, कानामागे काळेनिळे झाले होते, मूल माझ्याकडे न पाहता वडिलांच्या हाताकडे पाहत होते. हे सगळे मला दिसले होते, पण त्याचा मी अर्थ लावला नाही. बाह्यरुग्ण विभागात रांग होती. मी औषध लिहून दिले. तीन आठवड्यांनी तेच मूल मोडलेला हात घेऊन परत आले, तेव्हा माझ्या लक्षात आले की झाडावरून पडणाऱ्याचा खांदा दुखावतो, डोके फुटते, मनगट मोडते, पण दुसरीकडे कुठेही न खरचटता नेमका कानाच्या मागे मार बसत नाही. तिथे बसते ती थप्पड. तेव्हापासून प्रत्येक खुणेपाशी मी एकच प्रश्न विचारतो: ही खूण आणि तिची सांगितलेली हकिकत एकमेकींशी जुळतात का?

खूण कुठे आहे

आकार, रंग, लांबी या सगळ्यांच्या आधी जागा पाहावी. कान, कानामागचा भाग, गळा, गाल, जबड्याचा कोपरा, पापण्या, डोळ्याच्या पांढऱ्या भागातले रक्त, छाती, पोट, पाठ, कुल्ले आणि मांड्यांची आतली बाजू, या ठिकाणी खेळताना सहसा मार लागत नाही. चार वर्षांखालील मुलाच्या धडावर, कानावर किंवा गळ्यावर काळेनिळे झालेले दिसले आणि त्याला पटणारे कारण मिळाले नाही, तर ती बाब गंभीर धरावी, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. हाताच्या पालथ्या बाजूवर आणि कोपराखालच्या बाहेरच्या कडेवर आडवे वळ असतील, तर मुलाने मार चुकवण्यासाठी हात आडवा धरला असण्याची शक्यता असते.

तोंड उघडून पाहणे बहुतेकांना सुचत नाही. वरचा ओठ आणि हिरडी यांना जोडणारा जो पातळ पडदा असतो, तो अजून चालू न लागलेल्या बाळात फाटलेला आढळला, तर बाटली किंवा चमचा तोंडात जोराने कोंबला गेला असेल, किंवा तोंडावर फटका बसला असेल. धडपडत चालायला शिकणाऱ्या मुलात तोच पडदा पडूनही फाटतो. त्यामुळे जागेबरोबर वयही पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

खुणेचा आकार

जमिनीला, दगडाला किंवा ओसरीच्या पायरीला ठरावीक आकार नसतो, म्हणून पडल्याची खूण वेडीवाकडी असते. वस्तूने मारल्यास मात्र ती वस्तू आपला ठसा सोडून जाते. आपल्याकडे मारायला हाताशी काय असते, हे प्रत्येकाला ठाऊक आहे: अंगणात रचलेली पऱ्हाटीची किंवा तुराटीची काडी, बैलाचा कासरा, कमरेचा पट्टा, चप्पल, उलथने, आणि अलीकडे मोबाईलच्या चार्जरची किंवा पंपाची वायर. गोल काडी जोरात बसली की कातडीवर दोन समांतर लाल रेषा उमटतात आणि मधली पट्टी फिकी राहते, कारण फटक्याच्या जागचे रक्त दोन्ही कडांना ढकलले जाते. दुमडून मारलेली वायर किंवा दोरी घोड्याच्या नालेसारखा वळ उमटवते, आणि असे दोन-तीन नाल शेजारी-शेजारी दिसले तर त्याला अपघात म्हणण्याला वाव उरत नाही. थपडेत बोटांच्या मधल्या जागा रेषांच्या रूपाने गालावर दिसतात. पट्ट्याची खूण रुंद असते आणि तिच्या एका टोकाला बकलाचा कोपरा उमटलेला असू शकतो. मनगटाभोवती किंवा घोट्याभोवती गोल फिरलेली खूण बांधून ठेवल्याची असू शकते. चावा दिसल्यास दातांच्या कमानीची रुंदी पाहावी. दोन सुळ्यांमधले अंतर तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर तो चावा लहान भावंडाचा नसून मोठ्या माणसाचा असण्याची शक्यता अधिक असते.

रंगावरून मार किती दिवसांपूर्वीचा ते ठरवू नये. लाल म्हणजे आजचा, हिरवा म्हणजे आठवड्याचा, पिवळा म्हणजे त्याहून जुना, हे कोष्टक अजूनही अनेकांच्या डोक्यात असते, पण ते भरवशाचे नाही. सावळ्या कातडीवर तर ते आणखीच फसवते. नोंद करताना दिसेल तो रंग लिहावा आणि दिवसांचा अंदाज सोडून द्यावा. मात्र वेगवेगळ्या वेळच्या जखमा एकाच अंगावर असल्याचे उघड दिसत असेल, म्हणजे एक ओली, एक खपली धरलेली आणि एक व्रण होऊन गेलेली, तर तेवढे अवश्य नोंदवावे.

भाजल्याच्या खुणा

चुलीवर पाणी तापवणाऱ्या घरांत मुले खरोखरच भाजतात, म्हणून इथे दुप्पट काळजी हवी. मुलाने स्वतः गरम पाण्याचे किंवा चहाचे भांडे ओढले, तर पाणी वरून खाली ओघळते: चेहरा, गळा, छाती वर अधिक भाजलेली, आणि खाली येता येता भाजणे कमी होत गेलेले, कडा अनियमित, आजूबाजूला शिंतोडे. याउलट मुलाला धरून गरम पाण्यात बुडवले असेल, तर पायांवर मोज्यासारखी किंवा हातांवर हातमोज्यासारखी सरळ कड दिसते, दोन्ही बाजू जवळपास सारख्या भाजलेल्या असतात आणि शिंतोडे जवळजवळ नसतात. चुकून गरम पाण्यात पाय पडलेले मूल तो लगेच झटक्याने बाहेर काढते, त्यामुळे त्याच्या अंगावर अशी नेटकी कड सहसा राहत नाही. घंगाळात बसवून धरलेल्या मुलाचे कुल्ले तळाला टेकलेले असल्याने मध्यभागी कमी आणि भोवती जास्त भाजलेले असतात. पेटलेली सिगारेट दाबून धरल्यास साधारण आठ ते दहा मिलिमीटरचा गोल, खोल, स्पष्ट कडेचा डाग पडतो. विडीचा त्याहून थोडा लहान असतो. ओझरता लागलेला चटका उथळ आणि लांबट असतो.

डागण्याच्या खुणांबद्दल वेगळे सांगावे लागेल. मेळघाटात आणि इतरही काही भागांत तान्ह्या बाळाचे पोट फुगले, श्वास लागला की त्याच्या पोटावर तापलेल्या विळ्याने किंवा सळईने डाग देण्याची जुनी रीत अजून पूर्णपणे संपलेली नाही. भूमकाकडे, म्हणजे गावच्या मांत्रिक-वैदूकडे, बाळाला नेणारी आई त्याचा छळ करायला गेलेली नसते. ते वाचावे म्हणूनच तिने पायपीट केलेली असते. परंतु बाळाच्या कातडीला हेतू कळत नाही, जखम चिघळते आणि मूळ आजार तसाच राहतो. अशा बाळाला तातडीने आरोग्य केंद्रात न्यावे, घटना कळवावी, आणि आईशी बोलताना आवाज चढवू नये, कारण तिला अपमान वाटला तर पुढच्या वेळी ती बाळ घेऊन आपल्याकडे येणारच नाही.

जे मूल रांगतही नाही

वर सांगितलेल्या सगळ्यांत अधिक तातडी इथे आहे. स्वतः पालथेही न होणाऱ्या बाळाला स्वतःहून मार लागू शकत नाही. पाच महिन्यांखालील बाळाच्या अंगावर कुठेही काळानिळा डाग दिसला, मग तो कितीही लहान असो, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. दोन-तीन महिन्यांचे बाळ ‘लोळत लोळत खाटेवरून पडले’ हे विधान त्या वयाशी जुळत नाही. रडणे थांबत नाही म्हणून बाळाला दोन्ही बगलांत धरून जोरात हलवल्यास बाहेर एकही वळ न दिसता मेंदूभोवती रक्तस्राव होऊ शकतो. बाळ सारखे ओकते आहे, दूध ओढत नाही, सुस्त पडले आहे, झटके येत आहेत, टाळू फुगलेली आहे, यांतले काहीही दिसले तर हकिकत विचारत न बसता १०८ ला फोन करावा. बाळाची बरगडी किंवा मांडीचे हाड मोडलेले आढळले तर बाळाला पुढच्या मोठ्या रुग्णालयात पाठवणे भाग आहे. दोन वर्षांखालील मुलांत तिथे सर्व हाडांचे एक्स-रे काढून जुने मोडलेले हाड आहे का, हे पाहता येते.

पोटावरचा मारही असाच फसवतो. लाथ बसलेल्या मुलाचे पोट वरून अगदी साधे दिसू शकते, पण उलट्या, पोट कडक होणे आणि चेहरा पांढरा पडणे ही आत इजा झाल्याची लक्षणे असू शकतात.

हकिकत ऐकताना

आई एक सांगते, आजी दुसरे सांगते, आणि दुसऱ्या दिवशी तिसरेच ऐकू येते; मोठी जखम असूनही ती कशी झाली हे कुणालाच ठाऊक नसते; दोष दोन वर्षांच्या भावंडावर ढकलला जातो; मागच्या वेळी दुसऱ्या गावच्या दवाखान्यात नेलेले असते. अशी हकिकत संशय वाढवते. उपचाराला उशीर होणे हेही पुस्तकात संशयाचे लक्षण म्हणून दिलेले असते, पण आपल्या भागात मी त्याला एकट्याने फारसे वजन देत नाही. वेचणीच्या दिवसांत रोज बुडतो, बस दिवसातून एकदाच येते, आधी वैदूकडे जाणे होते. उशीर झाला आणि हकिकतही जुळत नाही, असे दोन्ही एकत्र आले तर मात्र थांबू नये.

जे माराचे वाटते पण नसते

खोटा संशय घेतल्यानेही घर मोडते, म्हणून हा भाग घाईने वाचू नये. आपल्याकडच्या पुष्कळ बाळांच्या कमरेवर आणि कुल्ल्यांवर जन्मतःच निळसर राखाडी डाग असतात. ते दुखत नाहीत, आठवडाभरात रंग बदलत नाहीत आणि वय वाढेल तसे फिके होत जातात. अंगणवाडीत वजन घेताना असा डाग दिसला की बाळाच्या कार्डावर त्याची नोंद करून ठेवावी, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज होणार नाही. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण विदर्भात मोठे आहे. त्या आजारात लहान बाळाचे हातपाय अचानक सुजतात आणि हात लावला तरी ते किंचाळते. आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटीची साधी रक्तचाचणी होते, ती आधी करून घ्यावी. डेंग्यूत किंवा रक्त गोठण्याच्या आजारात मार न लागताही ठिपके आणि काळेनिळे डाग उठतात. बिब्ब्याचे तेल लागले की कातडी काळी पडून फोड येतात, आणि ओघळ जिथून गेला तिथे रेघ उमटते. पावसाळ्यात मुलांच्या अंगावर उठणाऱ्या मधाच्या रंगाच्या खपलीच्या फोडांना लांबून पाहणारा विडीचा चटका समजू शकतो. यांतला निवाडा डॉक्टरांचा आहे. आपण शंका घेऊन मुलाला तिथपर्यंत पोहोचवावे.

वागण्यातला बदल

विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात तेव्हाही उकाडा असतो. त्या उकाड्यात बाह्या मनगटापर्यंत ओढून बसलेले, आरोग्य तपासणीचे पथक आले की सदरा काढायला नकार देणारे मूल लक्षात ठेवावे. शिक्षकाने फळ्याकडे हात उचलला तरी डोके झाकून घेणे, शाळा सुटल्यावर दप्तर भरायला मुद्दाम वेळ लावणे, सवय सुटल्यावर पुन्हा अंथरुणात लघवी होऊ लागणे, लहान मुलांना आणि जनावरांना विनाकारण मारणे, किंवा याच्या उलट, वयाला न शोभेल इतके आज्ञाधारक आणि गप्प होणे, हे सारे भीतीचे असू शकते. तेच भुकेचे, घरातल्या दारूचे, बापाच्या आत्महत्येनंतरच्या दुःखाचे किंवा आईवडील कामासाठी बाहेरगावी गेल्याचेही असू शकते. वागण्यावरून मारहाण सिद्ध होत नाही. त्या मुलाकडे अधिक लक्ष द्यायला हवे, एवढेच कळते.

मुलाशी बोलणे आणि नोंद

मुलाला बंद खोलीत नेऊ नये. ओसरीवर, झाडाखाली, इतरांना दिसेल पण ऐकू जाणार नाही अशा जागी त्याच्या उंचीवर बसावे. “हे कसं झालं?” एवढेच विचारावे. “बाबांनी मारलं ना?” असे विचारले की मूल एकतर घाबरून नाही म्हणते किंवा आपल्याला हवे ते उत्तर देते, आणि पुढे त्याच्या जबाबाची किंमत कमी होते. “कुणाला सांगणार नाही” असे वचन देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही. “तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही” एवढे म्हणावे. तेच तेच पुन्हा विचारू नये आणि कपडे काढून पाहू नये. ते काम आरोग्य केंद्रातले आहे.

मूल जे बोलले ते त्याच्याच शब्दांत लिहावे. “बापानं वायरीनं हानलं” असे ते म्हणाले असेल तर त्याचे “वडिलांनी विद्युत तारेने मारहाण केली” असे शुद्धीकरण करू नये. तारीख, वेळ, खुणेची जागा, पट्टीने मोजलेली लांबी, आकार, पालकांनी सांगितलेले कारण आणि त्या वेळी हजर असलेल्या माणसाचे नाव, इतके कागदावर असावे. मोबाईलवर फोटो काढून ग्रामपंचायतीच्या किंवा शाळेच्या व्हॉट्सॲप गटात टाकणे हा स्वतंत्र गुन्हा ठरू शकतो: बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख उघड करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

कुणाला कळवावे

चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि त्यासाठी पैसे लागत नाहीत. जीवाला तत्काळ धोका असेल तर ११२. जिल्ह्याच्या ठिकाणी बाल कल्याण समिती आणि जिल्हा बाल संरक्षण कक्ष असतात, आणि गावात सरपंचांच्या अध्यक्षतेखाली ग्राम बाल संरक्षण समिती असायला हवी. तिची बैठक कागदावरच होत असेल, तर तिची वाट न पाहता थेट १०९८ ला सांगावे. कळवायला पुरावा लागत नाही. सबळ शंका पुरते. चौकशी करणे त्यांचे काम आहे. खुणा मांड्यांच्या आत किंवा गुप्तांगाजवळ असतील आणि लैंगिक अत्याचाराची शंका असेल, तर पोक्सो कायदा, २०१२ नुसार कळवणे सर्वांवर बंधनकारक आहे.

दोन गोष्टी टाळाव्यात. त्याच संध्याकाळी घरी जाऊन पालकांना जाब विचारू नये, कारण आपण निघून आल्यावर रात्र त्या मुलाला काढायची असते. आणि प्रकरण तंटामुक्ती समितीपुढे नेऊन दोन्हीकडची समजूत घालू नये. बांधावरून भांडणारे दोन शेतकरी बरोबरीचे असतात, मूल आणि त्याला मारणारा बरोबरीचे नसतात. “पोट्ट्याले धाक पायजेच ना” हे वाक्य गावोगाव ऐकू येते, आणि ते म्हणणारी बहुतेक माणसे वाईट नसतात, त्यांनीही तसाच मार खाल्लेला असतो. तरी कायदा स्पष्ट आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षा देण्याला मनाई केली आहे, आणि बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७५ नुसार ताब्यातल्या मुलाला क्रूरपणे वागवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलांच्या देखभालीची जबाबदारी असलेल्या संस्थेतल्या माणसाने ते केले तर शिक्षा पाच वर्षांपर्यंत वाढते. मुले महिनोन्‌महिने घरापासून लांब राहतात अशा निवासी शाळांच्या संदर्भात ही तरतूद विशेष ध्यानात ठेवावी, कारण तिथे त्यांना आंघोळ घालताना वळ पाहणारी आजी नसते.

कळवल्यानंतरचा आठवडा महत्त्वाचा असतो. मूल दुसऱ्या दिवशी शाळेत आले का, पोषण आहाराच्या रांगेत दिसले का, हे पाहावे. दोन दिवस आले नाही तर हजेरीचे निमित्त काढून आशाताईंना घराकडे पाठवावे, मूल डोळ्यांनी पाहून यायला सांगावे, आणि ते दिसले नाही किंवा ‘मामाकडे गेले’ असे उत्तर मिळाले, तर पुन्हा १०९८ लावून आधीच्या तक्रारीच्या तारखेसह तेवढे सांगावे.